शहर वाढलं की जवळचं घरही लांब का पडतं?

हा प्रश्न मला पडला तो भायलीत, म्हणजे वडोदऱ्याच्या कडेला वाढलेल्या नव्या वस्तीत, म्हणून वडोदऱ्यापुरतंच लिहितो. आम्ही मूळचे दांडिया बाजारातले.

रस्त्यांची जोडणी बघायची सोपी रीत म्हणजे नाक्यावर उभं राहून फाटे मोजणं. चार फाटे असले तर चौक, तीन असले तर तिठा, आणि एकच असला तर रस्ता तिथेच संपला. जुन्या शहरात लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडी या चार दरवाजांतून आलेले रस्ते मधोमध मांडवीच्या चौकात एकमेकांना छेदतात. तिथल्या पोळ, म्हणजे गल्लीवजा जुन्या वस्त्या, एका टोकाला बंद असतात हे खरं, पण त्या आखूड असतात, चार पावलांत माणूस हमरस्त्याला लागतो.

आता आमच्या मावशीचं भायलीतलं घर बघा. गॅलरीतून समोरचं डेअरीचं दुकान दिसतं, दूध किती उरलंय तेही कळतं म्हणा! पण मध्ये सोसायटीची भिंत, आणि गेट एकच, तेही पलीकडच्या बाजूला. वळसा घालून जायला पंधरा मिनिटं लागतात, म्हणून मावशी अर्ध्या लिटरसाठी स्कूटर काढते.

टीपी स्कीम, म्हणजे सरकारी नगररचना योजना, नसते असं नाही. गुजरातच्या १९७६ च्या नगररचना कायद्याने शेतं एकत्र घेऊन, रस्त्यांची जागा काढून, नव्याने आखलेले प्लॉट मालकांना परत मिळतात. त्यामुळे मोठे रस्ते बरे निघतात. घोटाळा होतो तो प्लॉटच्या आत, कारण बिल्डरला आरपार रस्ता नको असतो आणि गिऱ्हाइकालाही वॉचमन हवा असतो. इमारत पाडून नवी बांधता येते, पण रस्त्याची रेघ सहसा हलत नाही. भिंतीत माणसापुरतं एक दार ठेवलं तरी पुष्कळ होईल. मावशीच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे सुचवलं, तर चोरांचा विषय निघाला.