आधी जागा मोजा, मग दार उघडा
कुत्र्यांसाठी ‘नो-किल’, म्हणजे जागा नाही म्हणून कुत्र्यांना न मारणारा, निवारा काढताय? नो-किल म्हणजे एकही कुत्रा मरणार नाही, असं नसतं. साधारण ९० टक्के वाचले की ते नाव लावतात; असाध्य दुखण्यात दयामरण देऊन सोडवावंच लागतं. खरा घोर पैशाचा. देणग्या येतात त्या जखमी पिल्लाच्या फोटोला. खाणं, पगार, पाणीबिल यांचा फोटो निघत नाही ना! म्हणून दरमहा थोडं थोडं देणारे जोडा.

आणि ‘जागा नाही’ म्हणायला शिका. मी एकदा भिडेखातर एक पिल्लू थेट आत घेतलं. चौथ्या दिवशी रक्ताची हगवण. पार्वो! हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, फिनेलला दाद देत नाही, ब्लीचसारखं जंतुनाशकच लागतं. तेव्हापासून नवा कुत्रा १४ दिवस वेगळा, मग कुणी दारात कितीही रडो.