वाचक विचारतात: कंट्रोलच्या पेशीही का मेल्या?

प्रश्न: मी एम.एस्सी. करते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या एचसीटी-११६ पेशींत मिर-३४ए या मायक्रोआरएनएचा (जनुकांना दाबणारा आरएनएचा छोटा तुकडा) मिमिक, म्हणजे त्याची कृत्रिम नक्कल, १०० नॅनोमोलर घातला. ७२ तासांनी एमटीटी या रंगचाचणीचं रीडिंग निम्म्यावर आलं, पण स्क्रॅम्बल, म्हणजे कंट्रोलसाठीचा निरर्थक क्रमाचा आरएनए, घातलेल्या वेलमध्येही (प्लेटच्या खळगीतही) जवळपास तितकंच उतरलं. यातून काय समजायचं?
— एक विद्यार्थिनी, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर: मिर-३४ए बद्दल या प्लेटवरून काहीच म्हणता येणार नाही. स्क्रॅम्बलचा क्रम कोणत्याही जनुकाला लागू पडू नये असाच बेतलेला असतो. तरी त्या पेशी घटल्या, म्हणजे घाव घातला तो आरएनए पेशीत नेणाऱ्या लिपिडने किंवा आरएनएच्या जास्त मात्रेने. नेमका कोणी, हे कळायला आणखी दोन गट हवेत: काहीच न घातलेला आणि नुसतं लिपिड घातलेला. नुसत्या लिपिडनेही रीडिंग पडलं तर लिपिड निम्मं करा आणि सहा तासांनी माध्यम बदला. लिपिड निर्दोष ठरलं तर मात्रा उतरवा. १०० नॅनोमोलरला बाहेरून आलेला आरएनए, मायक्रोआरएनए ज्यांच्यावर बसून काम करतात ती अर्गोनॉट प्रथिनं अडवून धरतो, पेशीच्या स्वतःच्या मायक्रोआरएनएंना जागा उरत नाही. २० पासून सुरुवात करा, १० लाही पाहा.

इथे पिपेट फसवतं. ९६ वेलच्या प्लेटमध्ये १०० मायक्रोलिटरला २० नॅनोमोलर म्हणजे २ पिकोमोल. २० मायक्रोमोलर स्टॉकमधून ते घ्यायचे तर ०.१ मायक्रोलिटर लागेल, आणि तेवढं अचूक उचलणं अशक्यच. आधी स्टॉक दहापट पातळ करा आणि १ मायक्रोलिटर घ्या. वेलमध्ये तीन ते पाच हजार पेशी पुरेत. जास्त लावल्या तर तिसऱ्या दिवशी वेल भरून जाते आणि वाढीतला फरकच दिसत नाही. कडेच्या वेलमधलं पाणी उडतं, त्यांत नुसतं पीबीएस (क्षारांचं द्रावण) भरा.

एमटीटी पेशी मोजत नाही, त्यांची चयापचयाची ताकद मोजतं. म्हणून मेलेल्या पेशी रंगवणाऱ्या ट्रिपॅन ब्लूने गणती कराच. मिर-३४ए चं काम सीडीके-६, मेट, बीसीएल-२ अशी प्रथिनं दाबण्याचं, त्यामुळे ४८ तासांनी वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनांच्या चाचणीत) यातलं एखादं तरी उतरलेलं दिसायला हवं. आरएनएचं प्रमाण मोजणाऱ्या क्यूपीसीआरमध्ये मिमिक हजारपट वाढलेला दिसला म्हणून हुरळू नका: एंडोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या पिशव्यांत, अडकून पडलेला, काहीही काम न करणारा आरएनएही त्यात मोजला जातो. लक्ष्य थेट आहे हे दाखवायचं असेल तर ल्युसिफरेजच्या (प्रकाश देणाऱ्या प्रथिनाच्या) रचनेत, मायक्रोआरएनएच्या दुसऱ्या ते आठव्या अक्षरांशी जुळणारी जागा बिघडवून पाहा. बिघडवल्यावर दाब सुटला तरच तो पुरावा.

प्रश्न: माझ्या थोरल्या भावाला मोठ्या आतड्याचा कर्करोग आहे. मायक्रोआरएनएचं इंजेक्शन मिळतं का?
— एक वाचक, रावपुरा, बडोदे

उत्तर: नाही. मायक्रोआरएनएच्या शोधाला २०२४ चं नोबेल मिळालं, पण आतड्याच्या कर्करोगावर त्याचं मान्य औषध नाही. कोणी विकत असेल तर पैसे देऊ नका. मिर-३४ए चाच मिमिक लिपिडच्या कणांत भरून २०१३ पासून माणसांवर तपासला गेला. रोगप्रतिकार यंत्रणेच्या गंभीर प्रतिक्रिया आल्या, रुग्ण दगावले आणि २०१६ मध्ये चाचणी थांबली. प्लेटमधल्या पेशींना रोगप्रतिकार यंत्रणा नसते, त्यामुळे तिथे असा धोका दिसतच नाही.

भावाच्या डॉक्टरांना दोन तपासण्यांबद्दल विचारा. एमएमआर किंवा एमएसआय (गाठीच्या पेशींतली डीएनए-दुरुस्ती नीट चालते का, हे पाहणारी) झाली आहे का? रोग पसरलेला असेल तर रास आणि बीराफ या जनुकांचीही? इम्युनोथेरपी किंवा ठरावीक अँटिबॉडी लागू पडेल का, ते यांवर ठरतं. एमएमआर बिघडलेलं निघालं तर आजार घराण्यातला असू शकतो, मग जनुकीय सल्ला सगळ्या भावंडांनी घ्यावा. तसं नसलं तरी तुमची स्वतःची कोलोनोस्कोपी चाळिशीत, किंवा भावाच्या निदानाच्या वयाआधी दहा वर्षं, यांतलं जे आधी येईल तेव्हा व्हायला हवी. ती वेळ उलटून गेली असेल तर याच महिन्यात करून घ्या.