गोष्ट कापायची नाही

प्रिय बेटा,

अस्सलामु अलैकुम.

तुझा मेसेज रात्री वाचला. रविवारच्या मकतबमध्ये तू मुलांना अबू जर आणि बिलाल या सहाबांची, म्हणजे प्रेषितांच्या सोबत्यांची, गोष्ट सांगितलीस, एका मुलाने ती घरी जाऊन सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी त्याचे वडील तुझ्या दारात. 'आपा, सहाबांच्या चुका मुलांना कशाला सांगता? त्यांचे गुण सांगा की.' आणि तू मला विचारतेस, 'चाचा, माझ्या हातून बेअदबी झाली का?'

नाही झाली. तो विषय संपला. पण शेवटी तू लिहिलंयस की यापुढे जरा सांभाळून, साध्या साध्याच गोष्टी सांगेन. ते वाचलं आणि माझी झोप उडाली. म्हणून हे पत्र.

(एक आधीच सांगतो. खाली जी नावं येतील त्यांच्याआधी हजरत आणि पुढे रजि. (अल्लाह त्यांच्यावर राजी असो) आहे असंच धरून वाच. कागदावर गाळलंय, मनात नाही. नाहीतर तुझ्या दारातले ते गृहस्थ माझ्याही दारात येतील.)

आधी तुलाच ओरडतो. तू गोष्ट कशी सांगितलीस ते लिहिलंयस: अबू जर यांनी बिलाल यांना आईवरून हिणवलं, प्रेषित (स.) नाराज झाले, मग अबू जर यांनी गाल जमिनीवर टेकवला आणि म्हणाले, बिलाल पाय ठेवत नाहीत तोवर उठणार नाही. गालाचा प्रसंग ऐकायला जोरदार आहे, मुलं डोळे विस्फारून ऐकतात, पण त्याचा आधार कच्चा आहे. बुखारीच्या हदीससंग्रहातल्या रिवायतीत, म्हणजे कथनात, तो नाही. तिथे बिलाल यांचं नावही नाही, ते दुसरीकडून येतं. आणि तिथे जे आहे, नेमकं तेच तू गाळलंस.

तिथे असं आहे. मअरूर नावाचे एक गृहस्थ रबजा या ओसाड जागी अबू जर यांना भेटले. अबू जर यांच्या अंगावर जसं वस्त्र होतं तसंच त्यांच्या गुलामाच्या अंगावर होतं. मालक कोण आणि चाकर कोण, कपड्यांवरून कळेना. मअरूरनी कारण विचारलं. तेव्हा अबू जर यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं की मी एकाला त्याच्या आईवरून शिवी दिली होती, आणि प्रेषित (स.) मला म्हणाले, तुझ्यात अजून जाहिलियत, इस्लामआधीच्या काळातलं अज्ञान, आहे, हे गुलाम तुमचे भाऊ आहेत, स्वतः खाता ते त्यांना खाऊ घाला, स्वतः लेवता ते त्यांना ल्यायला द्या, झेपणार नाही असं काम लादू नका, लादलंच तर हात लावा.

आता बघ. गोष्ट कोण सांगतंय? अबू जर. कधी? ऐकलेल्या एका वाक्यावर पुढचं सगळं आयुष्य बेतल्यानंतर. गुलामाच्या अंगावरचं ते वस्त्र हा अख्ख्या गोष्टीचा जीव, आणि तू गालावर थांबलीस. त्या पालकांना चूक तेवढी दिसली, कारण तू चुकीनंतरचं वस्त्र दाखवलंच नाहीस. गोष्ट कापायची नाही, बेटा. ना पुढून, ना मागून. आणि जोडायचीही नाही. जोड दिली की खरं बाहेर पडतं, म्हणजे तेही कापणंच.

'सहाबांच्या चुका सांगू नयेत' म्हणणाऱ्यांना मी एकच विचारतो: तुम्हाला त्या कळल्या कुठून? कोणा शत्रूने लिहून ठेवल्या का? यातल्या कितीतरी गोष्टी त्यांनी स्वतःच सांगितल्या आहेत, नाव घेऊन, ऐकणाऱ्यांनी पुढे सांगावं म्हणून. त्यांनी जे झाकलं नाही ते झाकणारे आपण कोण?

उमर यांचं बघ. अबू मूसा त्यांच्या दारी आले, तीनदा परवानगी मागितली, उत्तर आलं नाही म्हणून परत गेले. उमर यांनी नंतर बोलावून विचारलं, निघून का गेलात? ते म्हणाले, प्रेषितांची (स.) तशी शिकवण आहे. उमर म्हणाले, साक्षीदार आणा. अन्सारांच्या, म्हणजे मदिनेतल्या सहाबांच्या, बैठकीने काय करावं? आपल्यातला सगळ्यात लहान पाठवला, अबू सईद खुदरी. त्या पोरसवदा माणसाची साक्ष ऐकून मुसलमानांचे खलिफा काय म्हणाले? बाजारातल्या देवघेवीत मी गुंतलो आणि हे माझ्याकडून राहून गेलं. खलिफा बोलतोय हे! मकतबमधल्या सगळ्यात लहान पोराला ही गोष्ट सांग आणि त्याचा चेहरा बघ.

किंवा हन्जला. प्रेषितांच्या (स.) लेखनिकांपैकी एक. रस्त्यात अबू बकर भेटले, कसे आहात विचारलं, तर म्हणाले, हन्जला मुनाफिक, म्हणजे ढोंगी, झाला! का? तर प्रेषितांपाशी असलो की जन्नत आणि जहन्नम डोळ्यांसमोर दिसतात, आणि घरी बायकापोरांत, शेतीवाडीत गेलो की बरंच विसरायला होतं. अबू बकर यांनी काय करावं? धीर द्यावा, समजूत घालावी? ते म्हणाले, अल्लाहची शपथ, माझंही असंच होतं. आणि दोघं मिळून प्रेषितांकडे गेले. ही गोष्ट कापून काय उरतं? 'हन्जला फार नेक होते.' वहीत लिही, खाली रेघ मार, विसरून जा.

तुझ्या त्या पालकांचं म्हणणं मला कळतं. लहान मुलांना आपण मासा काटे काढून देतो, तसं काहीसं त्यांच्या मनात असणार. कोकणातली माणसं आपण, काटा अडकण्याची भीती आपल्याला जास्त. पण काटे काढता काढता ताटात फक्त रस्सा उरला, असं मी बघितलंय. वर्षानुवर्षं. मुलं अशी भाषणं पाठ करून बक्षिसं घेतात आणि पंधराव्या वर्षी त्यांना सहाबांचं काहीच वाटत नाही, कारण त्यांच्या ऐकण्यातला एकही सहाबी कधी दमला नाही, घाबरला नाही, उशिरा उठला नाही.

आणि कापण्याचा आणखी एक प्रकार आहे, तो तर कोणाच्या लक्षातही येत नाही. उम्मे सलमा यांची हिजरत, म्हणजे मक्का सोडून मदिनेला जाणं. नवरा मदिनेला निघाला, पण त्यांच्या माहेरच्यांनी त्यांना अडवलं आणि सासरच्यांनी मूल हिसकावून नेलं. जवळजवळ वर्षभर त्या रोज मक्केतल्या अबतहला जाऊन रडत बसायच्या. शेवटी कोणालातरी दया आली, मूल परत मिळालं, आणि त्या उंटावर बसून एकट्या निघाल्या. मक्केबाहेर तनईमला उस्मान बिन तल्हा भेटले. 'सोबत कोणी नाही?' 'अल्लाह आणि हे मूल.' त्यांनी उंटाची दोरी धरली. मुक्काम आला की उंट बसवायचा, आपण लांब एखाद्या झाडाखाली जाऊन पडायचं, निघायच्या वेळी उंट आणून पुन्हा बाजूला उभं राहायचं. थेट मदिनेजवळच्या कुबापर्यंत. तिथली वस्ती दाखवून ते मक्केला परत फिरले. उम्मे सलमा पुढे सांगायच्या की याहून सज्जन सोबती मी पाहिला नाही.

उस्मान बिन तल्हा तेव्हा मुसलमान नव्हते. बरीच वर्षं नंतर झाले. हे एवढं एक वाक्य मी किती बयानांतून, प्रवचनांतून, गाळलेलं ऐकलंय, सांगता सोय नाही! उम्मे सलमा यांनी त्यांची सज्जनता गाळली नव्हती. तुझ्या मकतबमधली मुलं सोमवारी मराठी शाळेत सगळ्यांच्या शेजारी बाकावर बसतात. त्यांना ते वाक्य हवंय.

आता माझं थोडं ऐक. तुला माहीत आहे की मी एके काळी रबीउल अव्वलच्या, प्रेषितांच्या (स.) जन्ममहिन्याच्या, जलशांत मराठीतून बोलायचो. उर्दू बयान अर्धं डोक्यावरून जाणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत, आणि ती माझ्यासाठी थांबायची. एका वर्षी आयोजकांनी विषय दिला काब बिन मालिक, आणि वर सूचना: तबूकच्या मोहिमेला न जाता मागे राहिल्याचा भाग थोडक्यात आटपा, तौबा (पश्चात्ताप) कबूल झाल्याचं सविस्तर सांगा. मी म्हटलं, मग विषयच दुसरा द्या. त्यांनी वक्ताच दुसरा आणला. लोक म्हणतात चाचा रुसले. रुसलो नव्हतो. बरं, थोडा रुसलोही असेन. पण सांग ना, मागे राहणं थोडक्यात आटपलं तर तौबा कशाची सांगू? हट्टी म्हणाले मला. म्हणू देत. समोर बसलेली ती मुलं मात्र हातची गेली, ते अजून खुपतं. माझ्याऐवजी तू आहेस म्हणून तुझ्यावर हा भडिमार.

तेव्हा सांगायची राहिलेली गोष्ट आता तुला सांगतो.

हिजरी 9, म्हणजे इसवी सन 630. कडक उन्हाळा, खजूर पिकलेला, सावली हवीशी, आणि तबूकची लांबची मोहीम. काब म्हणजे कोणी ऐरागैरा नव्हे. अकबाच्या बैअतमध्ये, मदिनेच्या लोकांनी हिजरतीआधी प्रेषितांना (स.) दिलेल्या शपथेत, हजर असलेला माणूस, कवी. आणि ते स्वतःच सांगतात की तेव्हा माझ्याइतकी ऐपत मला आधी कधीच नव्हती, दोन उंटिणी दारात होत्या. रोज सकाळी तयारी करायला निघायचे आणि काहीही न करता परत यायचे. मनात म्हणायचे, केव्हाही करता येईल. फौज निघून गेली. वाटलं, गाठू. नाही गाठली. आजारपण नाही, गरिबी नाही, शंका नाही. नुसतं 'उद्या करू'. सांग, तुझ्या वर्गात असा मुलगा नाही? तुझ्या घरात नाही? माझ्या घरात आहे, आणि तो हे पत्र लिहितोय.

फौज परतली. ऐंशीहून जास्त लोकांनी येऊन सबबी सांगितल्या आणि त्या ऐकून घेतल्या गेल्या. काब बोलण्यात तरबेज, तेच म्हणतात की दुसऱ्या कोणापुढे असतो तर सहज निसटलो असतो. पण प्रेषितांपुढे (स.) म्हणाले, मला काहीही सबब नव्हती. उत्तर आलं, याने खरं सांगितलं. ऊठ, अल्लाह फैसला करीपर्यंत. बाहेर आले तर त्यांच्या कबिल्याची माणसं मागे लागली, तू पण एखादी सबब सांगून टाकायचीस! इतकी मागे लागली की काब माघारी जाऊन खोटं बोलायच्या बेतात होते. हेही त्यांनीच सांगितलं. मग कळलं की आणखी दोघांनी असंच खरं सांगितलंय, मुरारा बिन रबी आणि हिलाल बिन उमय्या. तेव्हा थांबले.

पुढे प्रेषितांच्या (स.) हुकमाने पन्नास दिवस त्या तिघांशी कोणी बोलेना. ते दोघे घरात बसून राहिले. काब जरा तरुण, ते नमाजला जायचे, बाजारात फिरायचे. प्रेषितांना सलाम करायचे आणि बघायचे, उत्तरात ओठ हलले की नाही. चुलतभाऊ अबू कतादा यांच्या बागेची भिंत चढून आत गेले, सलामला उत्तर नाही. विचारलं, माझं अल्लाह आणि त्याच्या रसूलवर प्रेम आहे हे तुला माहीत नाही का? गप्प. पुन्हा. गप्प. तिसऱ्यांदा अबू कतादा म्हणाले, अल्लाह आणि त्याचा रसूल जाणे. काब यांचे डोळे भरून आले, भिंत ओलांडून ते परत आले. त्यातच गस्सान या दुसऱ्या अरब राज्याच्या राजाचं पत्र आलं: तुमच्या माणसाने तुम्हाला टाकलंय असं ऐकतो, आमच्याकडे या. काब यांनी ते पत्र तंदुरात घातलं. त्यानंतर, चाळिसाव्या दिवशी, बायकोपासूनही वेगळं राहायचा हुकूम आला.

पन्नासाव्या पहाटे घराच्या छतावर बसले असताना सलअच्या डोंगरावरून कोणीतरी ओरडलं, काब, खुशखबर! तौबा कबूल झाली होती. ती सांगायला आलेल्या माणसाला त्यांनी अंगावरचे कपडे काढून दिले, आणि दुसरे नव्हते म्हणून स्वतः उसने घालून मशिदीत गेले. तिथे मुहाजिरांपैकी, मक्केहून आलेल्या सहाबांपैकी, एकटे तल्हा उठून धावत आले, हात हातात घेतला. काब म्हणतात, तल्हांचं ते उठणं मी कधी विसरलो नाही. कुराणातल्या सूरह तौबाची 118 वी आयत या तिघांची आहे.

ही हकीकत काब यांनी म्हातारपणी, दृष्टी गेल्यावर, त्यांचा हात धरून नेणाऱ्या मुलाला, अब्दुल्लाहला, सांगितली. बापाने मुलाला! आणि आपल्याला सांगतात, मुलांना सांगू नका.

जमल आणि सिफ्फीन या मुसलमानांच्या आपसातल्या लढायांबद्दलही विचारलंयस. दहा वर्षांच्या मुलांना ते सांगायचं नाही. लगेच म्हणशील, चाचा, मग हे कापणं नव्हे का? नव्हे. सुरू करून मधेच कापणं वेगळं आणि सुरूच न करणं वेगळं. तिथे सांगणारे पुष्कळ, प्रत्येकाची बाजू, आणि ती माणसं आपल्यापुढे आरोपी म्हणून उभी नाहीत. वयाला आलेल्या कोणी विचारलं तर माझ्याकडे पाठव. हे तुला सोयीचं उत्तर वाटत असेल तर वाटू दे.

अदब मात्र सोडू नकोस. चुकीपाशी रेंगाळायचं नाही, हसायचं नाही, 'बघा, तेसुद्धा!' असा सूर लावायचा नाही. अबू जर यांनी ज्या आवाजात सांगितलं असेल, त्या आवाजात सांग.

येत्या रविवारी आधी अबू जर पुन्हा घे, गाल काढून, वस्त्र घालून. मग काब. एका तासात मावणार नाहीत, दोन रविवार दे. तंदूर विसरू नकोस आणि भिंत विसरू नकोस. पहिल्या रविवारी चाळिसाव्या दिवसापाशी थांब. मुलं आठवडाभर घरच्यांना भंडावतील, भंडावू देत. पुढचा रविवार आहेच. त्या गृहस्थांना दोन्ही दिवशी मागच्या सतरंजीवर बसायला बोलाव, चहा दे. नाही आले तर मला कळव, मी जाऊन त्यांना घेऊन येतो.

अम्मींना सलाम सांग.

तुझे चाचा