भावाला दारू सोडायची आहे. पुण्यात एएची मीटिंग कशी शोधू?

एए म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट. त्यांच्या भारतातल्या वेबसाइटवर शहरानुसार मीटिंगची यादी असते. निघण्याआधी तिथल्या नंबरवर फोन करून वेळ विचारा आणि मीटिंग 'ओपन' आहे की 'क्लोज्ड' तेही. ओपनला तुम्हीही सोबत बसू शकता. फी नाही, आडनाव कोणी विचारत नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. पहिल्या दिवशी भाऊ नुसता चहा पिऊन, ऐकून परत आला तरी चालेल, खरंच! दुसऱ्यांदा मात्र नक्की पाठवा.

फार पीत असेल आणि सोडल्यावर हात थरथरत असतील तर आधी डॉक्टर; एकदम बंद केल्यास फिट येऊ शकते. पुण्यातच १९८६पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६. आणि तुमच्यासाठी, घरच्यांसाठी, अल-अनॉन हा गट आहे. तिथे तुम्हीही जा.