पोटगी मुलाची, भेट कोणाची?

एका वाचक भगिनीने विचारले आहे की, विभक्त झालेल्या पतिपत्नींच्या संमतीच्या अटींचा मराठी मसुदा करताना त्यांच्या भावाच्या वकिलांनी मुलासाठी द्यायच्या मासिक रकमेला ‘खावटी’ म्हटले आहे आणि वडिलांनी मुलाला भेटण्याच्या सोयीला ‘मुलाकात’. ‘पोटगी’ हा शब्द केवळ बायकोला मिळणाऱ्या रकमेसाठी राखीव आहे काय, आणि ‘व्हिजिटेशन’ला मराठीत नेमके काय म्हणावे, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

पोटगी केवळ बायकोची नसते. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांमुळे तसा समज झाला असावा. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १९७३ च्या ज्या १२५ व्या कलमाखाली कितीतरी पिढ्यांनी पोटगीचे अर्ज केले, त्या कलमातच पत्नी, मुले आणि आईवडील असे तिघेही आहेत. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमाने घेतली आहे आणि तेथेही हे तिघे कायम आहेत. म्हणून ‘मुलाची पोटगी’ जितकी शुद्ध, तितकीच ‘म्हाताऱ्या वडिलांची पोटगी’ही शुद्ध. मात्र आपल्या मसुद्यात नुसते ‘पोटगी’ असे लिहून थांबू नये. ‘प्रतिवादी अर्जदारास दरमहा पोटगी देईल’ या वाक्यात आईची रक्कम कोणती आणि मुलाची कोणती हे कळत नाही. पुढे आईने नोकरी धरली किंवा दुसरे लग्न केले, की याच संदिग्धतेवरून वाद होतात. ‘मुलाची पोटगी’ असे षष्ठीने लिहिले की रकमेचा धनी मूल ठरतो, आणि आई ती मुलाच्या वतीने स्वीकारते एवढेच उरते. (विभक्त झालेल्यांचे भांडण विभक्तीच्या प्रत्ययाने थोडे तरी कमी व्हावे, हा योगायोग मला गमतीचा वाटतो, दोन्ही शब्द एकाच धातूचे आहेत.)

‘पोटगी’ हा शब्द ‘पोट’ला ‘गी’ जोडून झाला आहे. ‘देणगी’त दिसतो तोच हा प्रत्यय. मराठीत पोटाला भूक आहे आणि संततीही आहे, म्हणूनच आपण ‘पोटापाण्याचा धंदा’ म्हणतो तसे ‘पोटचा गोळा’ही म्हणतो. तरीही पोटगीतले पोट हे पोटच्या मुलाचे नव्हे, ते भुकेचे आहे. हा भेद एवढ्यासाठी सांगितला की, पोटगीचा शब्दार्थ धरून ‘मुलाच्या जेवणापुरते देतो, शाळेचे मला सांगू नका’ असे म्हणणारे बाप अजून भेटतात. कायद्याने मात्र हा शब्द पोटाबाहेर फार पूर्वीच नेला आहे. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ मधील निर्वाहाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवास, शिक्षण आणि वैद्यकीय उपचार येतात, शिवाय अविवाहित मुलीच्या बाबतीत तिच्या लग्नाचा वाजवी खर्चही येतो. त्याच अधिनियमाने ही जबाबदारी पुरुषाप्रमाणे स्त्रीवरही टाकली आहे आणि अनौरस मुलालाही वगळलेले नाही. १२५ व्या कलमाखालील रकमेवर मासिक ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती, ती २००१ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली. तोपर्यंत त्या कलमापुरती तरी पोटगी खरोखरच पोटापुरती राहिली होती, असे म्हणता येईल.

‘खावटी’ हा शब्द चुकीचा नाही. पश्चिम महाराष्ट्रात पक्षकार आणि वकीलही ‘खावटीचा अर्ज’ असे सर्रास म्हणतात आणि तो ऐकणाऱ्या कारकुनालाही त्यात काही वावगे वाटत नाही. पण खावटीत खाणे फार ठळक आहे. ज्या महिन्यांत घरात धान्य नसते त्या महिन्यांसाठी आदिवासी कुटुंबांना मिळणारे ‘खावटी कर्ज’ आठवले की शब्दाची मूळ कक्षा लक्षात येते. शाळेची फी, दाताच्या तारा आणि सहलीचे पैसे ज्या रकमेतून जायचे आहेत, तिला मी तरी खावटी म्हणणार नाही. ‘निर्वाह भत्ता’ही टाळावा, कारण निलंबित कर्मचाऱ्याला मिळणाऱ्या रकमेचे ते रूढ नाव आहे. ‘गुजारा भत्ता’ हिंदी बातम्यांतून आलेला आहे. आपल्याकडे पोटगीसारखा शब्द असताना त्याची गरज नाही.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. ‘मुलाकात’ मूळची अरबी. तिचेच ‘मुलाखत’ हे रूप मराठीत नोकरीच्या आणि वृत्तपत्रांच्या कामी आले, आणि ‘मुलाकात’ उरली ती मुख्यतः तुरुंगाच्या दारात, कैद्याच्या नातेवाइकांसाठी. बाप आणि लेक यांच्या रविवारच्या दोन तासांना हे नाव देऊ नये. कौटुंबिक न्यायालयांत वकील मंडळी ‘व्हिजिटेशन’पेक्षा ‘अ‍ॅक्सेस’ हा शब्द अधिक वापरतात. बोलण्यात तो चालेल, पण मराठी मसुद्यात ‘भेटीचा हक्क’ किंवा नुसते ‘भेट’ पुरेसे आहे. ‘भेटीचा अधिकार’ मला कमी पसंत आहे, कारण अधिकारात सत्ता डोकावते.

खरी अडचण नामात नसून क्रियापदात आहे. आपल्या मसुद्यातले वाक्य असे आहे: ‘दर रविवारी मुलाला वडिलांना भेटू द्यावे.’ यात ‘ला’ आणि ‘ना’ असे एकाच विभक्तीचे दोन प्रत्यय आहेत, एक मुभा मिळणाऱ्याचा आणि एक ज्याला भेटायचे त्याचा. मुभा मुलाला की वडिलांना, हे वाक्यावरून सांगता येत नाही. एरवी या संदिग्धतेने काही बिघडत नाही, कारण भेटणे परस्परच असते. पण ‘मुलाला यायचे नव्हते’ आणि ‘मुलाला येऊ दिले नाही’ असा वाद उभा राहिला की हेच वाक्य दोन्ही बाजूंना उपयोगी पडते. ‘वडील मुलाला भेट देतील’ हे तर अधिकच वाईट: आपण संग्रहालयाला भेट देतो आणि वाढदिवसाला भेट देतो, मुलाला मात्र भेटतो. ‘भेट घेणे’ मंत्र्यांच्या संदर्भात शोभते. ‘भेट होणे’ हे यांतले सर्वांत निरपेक्ष रूप आहे, म्हणून ‘मुलाची आणि वडिलांची भेट होईल, आणि त्यासाठी आई मुलाला सकाळी १० वाजता ठरल्या जागी आणील’ असे लिहावे. भेट दोघांची, आणण्याचे कर्तव्य एकीचे, हे त्यात वेगवेगळे उरते.

त्याच मसुद्यात ‘पोटगी वेळेवर जमा झाल्यास भेट होऊ दिली जाईल’ असेही एक कलम आहे. येथे ‘झाल्यास’ने सगळा अर्थ बिघडवला आहे. या एका शब्दाने भेट ही पोटगीचा मोबदला बनते, जणू मूल हप्त्यावर मिळते. थकलेल्या पोटगीची वसुली कायद्याने स्वतंत्रपणे करता येते आणि भेट नाकारली गेल्यास त्यासाठीही न्यायालयात वेगळा अर्ज करता येतो. दोन्ही गोष्टी दोन स्वतंत्र वाक्यांत, मध्ये पूर्णविराम देऊन, लिहाव्यात.

‘ताबा’विषयी आपण विचारलेले नाही, तरी मसुद्यात तो आहे म्हणून लिहितो. भूखंडाचा ताबा, सदनिकेची ताबा-पावती आणि पोलिसांनी ताब्यात घेतलेला संशयित यांच्या रांगेत मुलाला उभे करणे कोणालाच आवडत नाही. शासकीय अनुवादांतील ‘अभिरक्षा’ ऐकायला सोवळी असली तरी ती पोलिसांकडेही असतेच. माझा सल्ला असा की, अंमलबजावणीत अडचण येऊ नये म्हणून ‘ताबा’ एकदा लिहावा आणि पुढे सर्वत्र ‘मूल आईजवळ राहील’ असे साधे वाक्य वापरावे.

‘विभक्त पालक’ या आपल्या शब्दप्रयोगाविषयीही एक सूचना करतो. शाळेच्या अर्जावर ‘पालक’ म्हणजे आई किंवा वडील, पण कायद्यात ‘नैसर्गिक पालक’ ही वेगळी संज्ञा आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या सहाव्या कलमात पिता आणि ‘त्याच्यानंतर’ माता असा क्रम आहे. रिझर्व्ह बँकेने मुलाच्या नावावरील रोख्यांच्या अर्जावर वडिलांची सही मागितल्यावर लेखिका गीता हरिहरन यांनी हा क्रम आव्हानित केला, आणि १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या ‘नंतर’चा अर्थ केवळ ‘मृत्यूनंतर’ असा नसून ‘अनुपस्थितीत’ असाही होतो, असे ठरवले. मराठीला हा अर्थ नवा नव्हता. ‘माझ्या माघारी घराकडे लक्ष ठेवा’ असे आठ दिवसांच्या प्रवासाला निघालेला माणूसही म्हणतो आणि मृत्युपत्र करणाराही म्हणतो. कलमाच्या अनुवादात ‘माघारी’ असते, तर मराठीत तरी इतका वाद घालावा लागला नसता. आपल्या मसुद्यात मात्र ‘विभक्त पालक’ऐवजी सरळ ‘आई’ आणि ‘वडील’ लिहावे. ‘पालक’ हा शब्द कायद्याच्या अर्थानेच येऊ द्यावा.

दूरध्वनी आणि व्हिडिओ कॉल यांसाठी ‘भेट’ हा शब्द ताणू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, आई आणि वडील वेगवेगळ्या देशांत असलेल्या एका प्रकरणात, भेटीच्या हक्काबरोबरच संपर्काचा हक्क वेगळा मानला आहे. ‘संपर्क’ हाच शब्द तेथे योग्य आहे, आणि आपला भाऊ परगावी बदलून जाणार असल्यास हे कलम मसुद्यात आधीच घालून घ्यावे.