पहिली जीवनकथा घ्यायला निघताना

जीवनकथा म्हणजे माणसाने स्वतःच्या शब्दांत सांगितलेलं आयुष्य. म्हणून प्रश्नांची लांबलचक यादी घरीच ठेव. लालबाग-परळच्या गिरणी कामगाराला आधी एवढंच म्हण, "काका, अगदी सुरुवातीपासून सांगा." आणि गप्प बस. नवखे नेमके इथेच घसरतात. काका जरा थांबले की हे पुढचा प्रश्न टाकून मोकळे.

तारखा दुरुस्त करू नकोस. मुंबईचा गिरणी संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला, हे तुला पाठ असेल. काका "गणपतीनंतर" म्हणाले तर तसंच लिही. असं का आठवलं, ते नंतर बघ.

बाकी:
- रेकॉर्डिंगआधी परवानगी घे, नाव बदलायचं का तेही विचार.
- चाळीतल्या खोलीत सून-नातवंडं ऐकत असतात. काही गोष्टी तिथे निघतच नाहीत. दुसऱ्या खेपेला गॅलरीत बसा.
- टिपणं परतीच्या लोकलमध्येच सुरू कर.

विश्लेषणाचं सध्या डोक्यात घेऊ नकोस. दोन मुलाखती शब्दशः उतरव, मग बोलू.