टीएसएच वाढला, मन उदास: संबंध आहे का?

प्रश्न : वय ४४. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारे संप्रेरक) ९.८ आला म्हणून डॉक्टरांनी थायरॉइडची गोळी लेव्होथायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम सुरू केली. तीन आठवडे झाले तरी उदासी आणि विसरभोळेपणा जात नाही. मेंदूतल्या रसायनांचा थायरॉइडशी खरेच संबंध असतो का? ॲसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोल-डॉम्पेरिडोनची कॅप्सूलही रोज सकाळी त्याच गोळीबरोबर घेते.
– एक वाचक भगिनी, साखळी (गोवा)

उत्तर : संबंध आहे आणि तो दोन्ही बाजूंनी आहे. गोळीत टी४ हे थायरॉइडचे संप्रेरक असते; त्याचे टी३, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे रूप, मेंदू स्वतःच करून घेतो. टी३ कमी पडले की सेरोटोनिन, नॉरॲड्रेनलिन या मेंदूतल्या रसायनांचे काम मंदावते. तुमची उदासी म्हणजे मनाचा कमकुवतपणा, हे आधी मनातून काढा.

उलट बाजूला डोपामिन, हेही मेंदूतले रसायन. ते पिट्युटरीतून (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून) सुटणाऱ्या टीएसएचला लगाम घालते. डॉम्पेरिडोन डोपामिनची वाट अडवते, त्यामुळे टीएसएच थोडा वर जाऊ शकतो. हे औषध मेंदूत फारसे शिरत नाही, पण पिट्युटरीपर्यंत सहज पोचते. ९.८ चे सगळे खापर मात्र त्यावर फोडू नका. फ्री टी४ आणि अँटी-टीपीओ या रक्ततपासण्या करून घ्या. पॅन्टोप्राझोलची अडचण वेगळी. लेव्होथायरॉक्सिन विरघळायला पोटात आम्ल लागते, आणि पॅन्टोप्राझोलमुळे ते दिवसभर कमी राहते. म्हणून दोन्ही गोळ्यांत नुसते अंतर ठेवून भागत नाही. कॅप्सूल रोज लागतेच का, हे डॉक्टरांना विचारा. लागत असेल तर थायरॉइडचा डोस वाढवावा लागू शकतो.

तीन आठवडे फार लवकर झाले. टी४ रक्तातून निम्मे व्हायला सुमारे ७ दिवस घेते, म्हणून पातळी स्थिरावायला ५-६ आठवडे जातात. टीएसएच ६ ते ८ आठवड्यांनी तपासा. त्या सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्या. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर २ दिवस आधी बंद, नाहीतर आकडे चुकतात.

गोळी उठल्याबरोबर साध्या पाण्यासोबत. मग ३० ते ६० मिनिटे चहा-कॉफी, पाव काही नको. कॅल्शियम, लोह ४ तासांनी. आपल्याकडच्या पावसाळ्यात बाटली चुलीजवळ किंवा न्हाणीघरात ठेवू नका, दमटपणाने औषधाचा कस उतरतो. खोलीतल्या कोरड्या कपाटात, झाकण घट्ट लावून ठेवा. आतली सिलिका जेलची पुडी काढू नका.

जीव नकोसा वाटला तर मात्र सहा आठवडे थांबायचे नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर त्याच दिवशी फोन करा किंवा बांबोळीच्या मनोपचार संस्थेत जा. तिथे सर्ट्रालिन ही उदासीवरची गोळी सुरू झाली तर थायरॉइडच्या डॉक्टरांना कळवा. काहींना त्यानंतर लेव्होथायरॉक्सिन जास्त लागते.